३९ आकडी नंबर हातानं तपासणारा मास्तर, ज्याचा जीव एका फुटक्या ताटलीनं घेतला

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

मोजत बसू नका, बरोबर ३९ आकडे आहेत. या संख्येला १ आणि ती स्वतः सोडली, तर दुसऱ्या कुठल्याच पूर्ण संख्येनं निःशेष भाग जात नाही. शाळेच्या भाषेत सांगायचं तर ही मूळ संख्या आहे. ७, ११, १३ यांच्याच जातीची, फक्त अंगानं अवाढव्य.

आता तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटरला विचारलं असेल. तर नाही. हे ठरलं १८७६ साली. ठरवणारा माणूस होता फ्रान्समधला एक मास्तर, आणि हत्यार होतं डोकं, कागद आणि बुद्धिबळाच्या पटासारखा एक पट.

मुळात हे काम किती अशक्य होतं ते आधी बघू. एखादी संख्या मूळ आहे का, हे तपासायची शाळेतली पद्धत म्हणजे भाग देत सुटायचं. २ नं, ३ नं, ५ नं, असं त्या संख्येच्या वर्गमुळापर्यंत. १०१ साठी हे दोन मिनिटांचं काम आहे. पण वरच्या संख्येला फक्त विषम संख्यांनी, तेही सेकंदाला एक भागाकार या वेगानं तपासायचं म्हटलं, तरी साधारण २० हजार कोटी वर्षं लागतात. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षांच्या आसपास धरतात. म्हणजे महास्फोटाच्या दिवशी भागाकाराला बसलेला गडी आज दहावा हिस्सासुद्धा संपवू शकला नसता.

तरीही हे झालं. कसं झालं, ते कळायला आधी एका धर्मगुरूकडे जावं लागतं.

मारँ मर्सेन हा सतराव्या शतकातला फ्रेंच पाद्री. गॅलिलिओ, देकार्त, फर्मा अशा सगळ्यांशी याचा पत्रव्यवहार. एकाचं पत्र आलं की त्यातली गोष्ट दुसऱ्याला कळवायची, दुसऱ्याची तिसऱ्याला. म्हणजे त्या काळातल्या युरोपच्या सायन्स ग्रुपचा ॲडमिनच म्हणा ना. या मर्सेनला एका प्रकारच्या संख्यांचा भारी नाद होता. २ ला २ नं गुणत जायचं आणि शेवटी १ वजा करायचा. दोनदा २ घेतला तर ४ वजा १, म्हणजे ३. तीनदा घेतला तर ७. पाचदा घेतला तर ३१. सातदा घेतला तर १२७. या सगळ्या मूळ संख्या निघतात. वाटतं, चला, फॉर्म्युला सापडला. मग अकरावेळा घेतला की २०४७ येतात, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. संपला फॉर्म्युला.

१६४४ मध्ये मर्सेननं एक यादी छापली. २५७ पर्यंतच्या आकड्यांपैकी फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्यांनाच ही जादू चालते, बाकीच्यांना नाही, असा त्याचा दावा. पुरावा? काही नाही. एवढ्या मोठ्या संख्या त्यानं स्वतः तपासलेल्या असणं शक्यच नव्हतं. पण माणूस मोठा, त्यामुळे यादी पुढे पुढे सरकत राहिली. आपल्याकडे फॉरवर्ड सरकतात तशीच. १७७२ मध्ये ऑयलरनं ३१ वाला दावा खरा असल्याचं दाखवलं. ६७, १२७ आणि २५७ मात्र तसेच पडून होते. दोनशेहून जास्त वर्षं.

इथे आपला मास्तर येतो. नाव एदुआर ल्युका. आपल्याकडच्या पुस्तकांत आणि कॉलेजात त्याला लुकास म्हणतात, म्हणून आपणही लुकासच म्हणू.

४ एप्रिल १८४२ ला उत्तर फ्रान्समधल्या आमियाँ शहरात त्याचा जन्म झाला. शिक्षण पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या अगदी वरच्या दर्जाच्या संस्थेत. त्यानंतर नोकरी पॅरिसच्या वेधशाळेत. तिथला साहेब होता ल व्हेरिए, ज्यानं दुर्बिणीला डोळा न लावता, नुसती आकडेमोड करून नेपच्यून कुठे सापडेल हे सांगितलं होतं. आकडेमोडीची ताकद काय असते, हे लुकासला शिकवायला यापेक्षा चांगली जागा शोधून सापडली नसती.

मग १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध पेटलं. लुकास तोफखान्यात अधिकारी म्हणून गेला. फ्रान्स ते युद्ध सपशेल हरला. लुकास जिवंत परतला आणि मुलँ नावाच्या गावातल्या लिसेमध्ये गणित शिकवायला लागला. लिसे म्हणजे आपल्याकडच्या हिशोबानं हायस्कूल आणि ज्युनियर कॉलेजच्या मधलं काहीतरी. पुढे तो पॅरिसला सँ-लुई आणि शार्लमान्य या नावाजलेल्या लिसेंमध्ये आला, पण विद्यापीठातला मोठा प्राध्यापक तो कधीच झाला नाही. दिवसा पोरांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात संख्यांच्या मागे लागायचं, असं त्याचं आयुष्य गेलं.

या काळात तो एका जुन्या माळेच्या प्रेमात पडला. १, १, २, ३, ५, ८, १३... मागच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा. तेराव्या शतकातल्या इटलीच्या फिबोनाचीचं नाव या माळेला चिकटवलं ते या लुकासनंच. (आपल्याकडे विरहांक आणि हेमचंद्र यांनी छंदातल्या लघु-गुरूंची मोजदाद करताना हेच आकडे फिबोनाचीच्या आधी मांडले होते. पण बारसं पॅरिसमध्ये झालं, आता काय करणार.) त्याच नियमानं चालणारी एक जोडमाळ आहे: १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७... हिला आज लुकास संख्या म्हणतात.

या माळेत ३, ७, ४७ या संख्या बघा. ३ चा वर्ग ९, त्यातून २ गेले, ७. ७ चा वर्ग ४९, त्यातून २ गेले, ४७. ४७ चा वर्ग २२०९, त्यातून २ गेले, २२०७. हीसुद्धा त्याच माळेत आहे, सोळाव्या जागी. वर्ग करा, २ वजा करा, की माळेत दुप्पट लांब उडी बसते.

लुकासच्या लक्षात आलं की मर्सेनच्या कुलुपाची किल्ली ही आहे. इथे थोडं थांबून स्वतः करून बघण्यात मजा आहे, मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो.

समजा, १२७ मूळ आहे का ते बघायचंय. १२७ म्हणजे सातवेळा २ घेऊन १ वजा. ३ पासून सुरू करा आणि प्रत्येक वेळी वर्ग करून २ वजा करा. संख्या १२७ पेक्षा मोठी झाली की १२७ नं भागून फक्त बाकी ठेवा. ३, मग ७, मग ४७. पुढची २२०७, तिला १२७ नं भागून बाकी ४८. ४८ चा वर्ग वजा २ म्हणजे २३०२, बाकी १६. १६ चा वर्ग वजा २ म्हणजे २५४. आणि २५४ म्हणजे बरोबर दोनदा १२७. बाकी शून्य!

सात घात होता, सहाव्या संख्येला शून्य आलं, म्हणजे १२७ मूळ. एकही भाजक शोधला नाही. आता हेच २०४७ ला करा. तिथे घात ११, म्हणून दहाव्या संख्येला शून्य यायला हवं. येतात १०३४. म्हणजे २०४७ मूळ नाही. यातही २३ आणि ८९ कुठेच दिसले नाहीत.

दुधात पाणी आहे हे लॅक्टोमीटर सांगतो. पाणी कुठल्या विहिरीचं, ते सांगत नाही. लुकासची कसोटी अगदी तशी आहे. (३ पासून सुरुवात करायची ही आवृत्ती ३, ७, ११ अशा, ४ नं भागल्यावर बाकी ३ उरणाऱ्या घातांसाठी चालते. ६७ आणि १२७ दोन्ही त्यात बसतात.)

आता ३९ आकडी संख्येसाठी ही कसोटी लावायची म्हणजे १२६ व्या संख्येपर्यंत जायचं. २० हजार कोटी वर्षांवरून काम सव्वाशे वर्गांवर आलं. पण ३९ आकडी संख्येचा वर्ग करायचा, तो ७७-७८ आकडी होणार, त्याला परत ३९ आकडी संख्येनं भागायचं, आणि हे सव्वाशे वेळा. मध्ये एका ठिकाणी हातचा एक राहिला की सगळं मुसळ केरात.

इथे लुकासमधला खेळकर माणूस कामाला आला. त्यानं दहाचे आकडेच सोडून दिले आणि फक्त ० आणि १ मध्ये लिहायचं ठरवलं, आजचा कॉम्प्युटर लिहितो तसं. या पद्धतीत आपली ३९ आकडी संख्या म्हणजे ओळीनं १२७ एक. बस्स. मग त्यानं १२७ घरं रुंद आणि १२७ घरं उंच अशा पटाची कल्पना मांडली. एकूण १६,१२९ घरं. १ असेल तिथे प्यादं ठेवायचं, ० असेल तिथे घर रिकामं.

गुणाकार करायचा म्हणजे संख्येची ओळ एकेक घर सरकवत खाली खाली मांडायची. सरकताना डावीकडून जे प्यादं पटाबाहेर पडेल, ते त्याच ओळीत उजवीकडून आत घ्यायचं. एवढं केलं की भागाकार आपोआप झालाच, कारण २ चा १२७ वा घात या संख्येनं भागला तर बाकी १ उरते, म्हणून पटाबाहेर गेलेलं प्यादं पहिल्या घरातून परत येतं. मग बेरीज: एका उभ्या रांगेत दोन प्यादी दिसली की ती उचलायची आणि डावीकडच्या रांगेत एक ठेवायचं. असं करत सगळा पट एका ओळीत आला, की त्यातून २ वजा करायचे आणि पुन्हा सुरू. शेवटी सगळी ओळ रिकामी झाली किंवा १२७ च्या १२७ घरांत प्यादी बसली, तर बाकी शून्य.

व्हॅक्यूम ट्यूब नाही, ट्रान्झिस्टर नाही, पण आत चाललंय ते कॉम्प्युटरचंच काम. मला विचाराल तर लुकासच्या सगळ्या कामात हा पट सर्वात देखणा आहे.

१८७६ मध्ये त्यानं जाहीर केलं की १२७ वाली संख्या मूळ आहे. मर्सेनचा दावा २३२ वर्षांनी खरा ठरला. लुकास तेव्हा ३४ वर्षांचा होता. इंटरनेटवर एक गोष्ट हमखास भेटते, की त्यानं वयाच्या १५ व्या वर्षी हे गणित हातात घेतलं आणि १९ वर्षं करत बसला. ऐकायला झकास आहे, पण ज्या कसोटीनं काम फत्ते झालं ती कसोटीच त्यानं १८७० च्या दशकात उभी केली.

त्याच सालात त्यानं ६७ वाल्या संख्येलाही कसोटीवर चढवलं. ती संख्या आहे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. शेवटी शून्य आलं नाही. म्हणजे मर्सेनची यादी इथे चुकली होती.

आता या दुसऱ्या निकालाची गंमत बघा. लुकास सांगत होता की या २१ आकडी संख्येला कुठल्यातरी संख्येनं भाग जातो. कुठल्या, ते तो सांगू शकत नव्हता. आरोपीनं गुन्हा केलाय हे सिद्ध, पण मुद्देमाल कुठंय ते माहीत नाही, असा प्रकार. गणित पक्कं असेल तर हे पुरेसं असतं. तरी माणसाचं मन मुद्देमाल मागतंच. आणि तो लुकासला आयुष्यभर दाखवता आला नाही.

१२७ च्या निकालानं आणखी एक कोडं जन्माला घातलं. बेल्जियममध्ये शिकवणाऱ्या कातालाँ नावाच्या गणितज्ञाच्या लक्षात आलं की २ पासून निघालं की ३ मिळतात, ३ घात घेतला की ७, ७ घेतला की १२७, आणि १२७ घेतला की लुकासची ३९ आकडी. सगळ्या मूळ. मग आता हीच ३९ आकडी संख्या घात म्हणून घेतली तर? ती संख्या मूळ आहे का, हे आजतागायत कुणालाही माहीत नाही. तिच्यातले आकडे मोजायचे म्हटलं तर ती मोजदादच ३८ आकडी होते. लुकासची कसोटी तिच्यासाठीही खरी आहे, पण ती लावायला लागणारा कागद या पृथ्वीवर मावणार नाही.

इंजिनिअरिंग केलेल्यांनी लुकासला दुसऱ्या दारानं ओळखलेलं असतं. टॉवर ऑफ हनॉय आठवतो? तीन खांब, एकावर एक चकत्या, मोठी चकती लहानवर ठेवायची नाही, आणि सगळी चळत दुसऱ्या खांबावर न्यायची. रिकर्शन शिकवताना सरांनी हमखास फळ्यावर काढलेला तो प्रकार. ते खेळणं लुकासचं. १८८३ मध्ये त्यानं ते बाजारात आणलं, पण स्वतःच्या नावानं नाही. शोधक म्हणून नाव छापलं सयामचा एन. क्लाउस, ली-सू-स्तियान कॉलेजातला मंदारिन. फ्रेंचमध्ये ही अक्षरं उलटसुलट केली की निघतं आमियाँचा लुकास आणि सँ-लुई, त्याची शाळा!

या खेळण्याबरोबर एक कथा युरोपभर पसरली. काशीच्या देवळात हिऱ्याच्या तीन सुया आहेत, सृष्टीच्या आरंभी देवानं एका सुईवर सोन्याच्या ६४ चकत्या ठेवल्या, पुजारी रात्रंदिवस त्या हलवतायत, आणि काम संपलं की जग संपणार. आजही ही गोष्ट प्राचीन भारतीय आख्यायिका म्हणून फिरते. काशीत असलं देऊळ नाही आणि कधी नव्हतं. ती पॅरिसमधल्या खेळण्याची जाहिरात आहे. हिशोब मात्र खरा आहे: ६४ चकत्यांना १८४४६७४४०७३७०९५५१६१५ चाली लागतात, सेकंदाला एक धरली तर सुमारे ५८,५०० कोटी वर्षं. आणि नीट बघितलंत तर हीसुद्धा मर्सेनच्याच घराण्यातली संख्या आहे, ६४ वेळा २ घेऊन १ वजा. फक्त ही मूळ नाही. शेवटी ५ आहे, दिसतंच.

वहीच्या मागच्या पानावर ठिपके काढून, रेषा जोडून चौकोन बनवायचा आणि त्यात आपलं अक्षर लिहायचं, हा ऑफ तासातला खेळ खेळला असाल, तर तोही छापील स्वरूपात पहिल्यांदा लुकासनंच १८८९ मध्ये आणला. श्रेय त्यानं पॅरिसच्या एकोल पोलितेक्निकच्या विद्यार्थ्यांना दिलं. गणिती करमणुकीवर त्यानं लिहिलेली पुस्तकं चार खंडांत आली. त्यातले शेवटचे दोन त्याच्या हयातीत निघाले नाहीत.

कारण १८९१ चा सप्टेंबर. फ्रान्समधल्या विज्ञानप्रसार संस्थेचं वार्षिक अधिवेशन मार्सेय शहरात भरलं होतं. लुकास तिथला नेहमीचा माणूस. मेजवानी चालू असताना एका वाढप्याच्या हातातून ताटल्या पडून फुटल्या. एक तुकडा उडाला आणि लुकासच्या गालाला लागला. जखम म्हणाल तर किरकोळ. पण पेनिसिलिन यायला अजून अर्धं शतक होतं. जखम चिघळली, त्वचेचा संसर्ग झाला, ताप चढला आणि ३ ऑक्टोबर १८९१ ला पॅरिसमध्ये तो गेला. वय ४९. त्याच वर्षी त्याच्या संख्या सिद्धांतावरच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला होता. दुसरा लिहायचा राहून गेला.

मुद्देमाल सापडायला आणखी १२ वर्षं गेली. ३१ ऑक्टोबर १९०३ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन गणितज्ञांची सभा होती. फ्रँक नेल्सन कोल व्याख्यानाला उठला आणि एक शब्द न बोलता फळ्याकडे गेला. ६७ वेळा २ गुणून १ वजा केला, २१ आकडे लिहिले. मग फळ्याच्या दुसऱ्या भागात १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार करत गेला. दोन्हीकडे एकच उत्तर आलं. खडू ठेवला, जाऊन बसला. सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. तो निकाल लुकासनं २७ वर्षांपूर्वीच देऊन ठेवला होता.

मर्सेनची बाकी यादीही हळूहळू उघडी पडली. २५७ सुद्धा चुकीचा निघाला, आणि ६१, ८९, १०७ हे तीन त्याच्या नजरेतून सुटले होते. १२७ चं मात्र १९१४ मध्ये फोकांबेर्ग यानं पुन्हा गणित केलं आणि लुकासचा निकाल बरोबर असल्याची खात्री पटली.

१९३० मध्ये अमेरिकेच्या लेमरनं कसोटी आणखी सुटसुटीत केली, ३ च्या जागी ४ पासून सुरू होणारी. आज ती लुकास-लेमर कसोटी म्हणून ओळखली जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जगातली सर्वात मोठी ज्ञात मूळ संख्या जाहीर झाली: १३,६२,७९,८४१ वेळा २ घेऊन १ वजा, ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० आकडी. तिच्यावर शिक्कामोर्तब याच कसोटीनं झालं. वर्ग करा, २ वजा करा, बाकी ठेवा.

लुकासची संख्या जगातली सर्वात मोठी ज्ञात मूळ संख्या म्हणून १९५१ पर्यंत टिकली, म्हणजे ७५ वर्षं. तिला मागे टाकणाऱ्यांपैकी एकाकडे यांत्रिक कॅल्क्युलेटर होता आणि दुसऱ्यांकडे केंब्रिजचा कॉम्प्युटर. कुठल्याही यंत्राविना, निव्वळ हातानं सिद्ध झालेल्या मूळ संख्यांमध्ये ती आजही पहिल्या नंबरवर आहे.